वाटेवरचे पत्र : जासुदाच्या थैलीपासून लॅपटॉपपर्यंत



प्रवासात असलेल्या माणसाने आपले पत्र सुरक्षितपणे कसे पाठवावे, हा आजचा विषय आहे. पत्र म्हणजे आज बहुधा ई-मेल. आणि प्रवासी म्हणजे खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकविलेला कोणीही. मिरचीच्या हंगामात आपल्या पिंपळगावच्या बाजारात येऊन रात्री आपल्या पेढीला भाव कळविणारा बाहेरगावचा व्यापारी असेल, नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला येथलाच मुलगा असेल, किंवा एका कारखान्याच्या दारातून दुसऱ्या कारखान्याच्या दाराकडे जाणारा युनियनचा कार्यकर्ता असेल. विषय यंत्राचा आहे, तेव्हा तो एखाद्या इंजिनिअरने सांगावा, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु यंत्र नवे असले तरी अडचण जुनी आहे. आपले पत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. तो दुसरा आपल्या ओळखीचा नसतो. आणि वाटेत ते कोण उघडील याचा नेम नसतो. या अडचणीला शेकडो वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला काही भाग तर आपल्याच मुलखात घडलेला आहे.

या इतिहासातून निघणारी एकच गोष्ट मला आज सांगावयाची आहे. पत्र नेणारा प्रामाणिक असेल, या भरवशावर पत्र सुरक्षित राहत नाही. नेणारा कोणीही असो, पत्र बंद राहील अशी तजवीज पत्रातच करावी लागते. राजांना आणि सावकारांना हे फार पूर्वी उमगले होते. सामान्य माणसाच्या हाती ही तजवीज यायला मात्र विसावे शतक संपत यावे लागले; आणि ती आली तरी तिची मर्यादा कोठे संपते, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

प्रथम मराठी राज्याचे पत्र पाहू. शिवकालीन पत्रावर दोन निरनिराळे शिक्के उमटत. वरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे. मजकूर संपला की शेवटी लहानसे मोर्तब उमटे, आणि त्या मोर्तबात ‘मर्यादा’ हाच शब्द कोरलेला असे. आमचा मजकूर येथे संपला. यापुढे कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. आपण आजही ‘शिक्कामोर्तब झाले’ असे सहज म्हणतो. पण शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे, हे विसरलो आहोत. एक पाठविणाराची ओळख पटवितो, दुसरे मजकुरात भर पडली नाही याची हमी देते. तिसरी गोष्ट लाखोटा. घडी घालून लाखेने बंद केलेले पत्र वाटेत फोडले तर ते फोडल्याचे कळे. चौथी गोष्ट जासूद. महत्त्वाचे पत्र जासुदांच्या जोडीबरोबर जाई, कारण एकटा माणूस वाटेत आजारी पडेल, लुटला जाईल किंवा फितेल. ओळख, मोर्तब, लाखोटा आणि जासूद, या चार गोष्टी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे विजेच्या युगातही याच चार गोष्टी पुन्हा भेटणार आहेत.

लाखोटा कितीही घट्ट असला तरी तो फोडणाऱ्याच्या हाती सत्ता असेल तर काय होते, याचे उदाहरण पानिपताचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज बुडाली. त्याच महिन्यात नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते आणि नर्मदेच्या परिसरात होते. तेथे सावकारांचा एक कासद त्यांच्या लष्कराजवळून चालला होता. तो पानिपताहून निघालेला, आणि नऊ दिवसांत आपल्या औरंगाबादेला पोहोचण्याच्या कराराने धावत होता. पेशव्यांनी त्याच्याजवळचे पत्र उघडविले. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. पत्रात सरळ बातमी नव्हती. मोती, मोहरा, चांदी आणि तांबे यांच्या नुकसानीचा हिशेब होता. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे पेशव्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

ही गोष्ट आपण शोकाची म्हणून ऐकत आलो आहोत. पत्रव्यवहाराच्या दृष्टीने तिच्यात दोन धडे आहेत. पहिला असा की, सावकारांची डाक त्या काळी अतिशय वेगवान होती, पण तिला अभय नव्हते; वाटेतल्या सत्ताधीशाने पत्र मागितले की कासदाला ते द्यावेच लागे. दुसरा धडा असा की, सांकेतिक भाषा म्हणजे कुलूप नव्हे, तो केवळ पडदा आहे. ज्याला घरची माणसे ठाऊक आहेत त्याच्यापुढे तो टिकत नाही. आजही कित्येक जण ई-मेलात ‘ते आपले काम’, ‘तो आपला माणूस’ असे मोघम लिहून स्वतःला सुरक्षित समजतात. ज्याच्यापासून लपवावयाचे असते, त्यालाच ते आधी कळते.

आता आपल्या दारातील उदाहरण. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी जनरल वेलस्लीची लढाई झाली. दोन दिवस आधी बदनापुरास वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची गाठ पडली होती. दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस मिळून हल्ला करावा, असे ठरले होते. मराठ्यांचा तळ कोठे आहे, याची बातमी वेलस्लीला हरकाऱ्यांकडून मिळे, आणि हरकाऱ्यांनी सांगितले होते, तळ भोकरदनला आहे. प्रत्यक्षात तो भोकरदनपासून थेट असईपर्यंत पसरला होता आणि वेलस्लीच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ जवळ होता. हरकारे खोटे बोलले नव्हते. त्यांच्या मनात भोकरदन म्हणजे भोकरदनचा सारा परगणा होता. साहेबाने ते एका कसब्याचे नाव समजून घेतले. परिणामी स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी लढावे लागले, आणि त्याची सुमारे दीड हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. पत्र बंद राहिले, वेळेवर पोहोचले, खऱ्या माणसाकडूनच आले; तरीही घेणाऱ्याने ते नीट वाचले नाही तर लाखोट्याचा काय उपयोग? सुरक्षिततेचा विचार करताना ही मर्यादा विसरू नये.

इंग्रजांनी टपाल सरकारी केले. १ ऑक्टोबर १८५४ पासून हलके पत्र अर्ध्या आण्यात कंपनी सरकारच्या मुलखात कोठूनही कोठेही जाऊ लागले. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचे टपालखाते वेगळे, १८६९ पासून तिकिटेही वेगळी होती. ही सोय किती मोठी होती हे नाकारण्यात अर्थ नाही. गरिबाच्या पत्राला प्रथमच जासूद मिळाला. परंतु जासूद सरकारचा झाला, म्हणजे लाखोटा फोडण्याचा अधिकारही सरकारपाशी गेला. १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांच्या नावाखाली पत्र अडविण्याचा हक्क सरकारने लेखी घेतला. तारेच्या बाबतीत तसाच हक्क १८८५ च्या कायद्याने घेतलेला होताच.

कामगार चळवळीला या कलमांचा अर्थ लवकर शिकावा लागला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुटी, कामाचे ठरलेले तास, वेळेवर पगार, अशा मागण्या होत्या. त्या सह्या उघड होत्या, आणि उघड असाव्यात म्हणूनच केल्या होत्या. संख्या हेच त्यांचे बळ होते. पण उघड सही करण्याचा क्षण कोणता, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. साडेपाच हजारांच्या यादीत नाव असणे वेगळे, आणि पहिल्या पाच जणांच्या यादीत असताना ती मालकाच्या टेबलावर पोहोचणे वेगळे. पहिल्या प्रसंगी मागणी पुढे जाते, दुसऱ्या प्रसंगी पाच घरांतली चूल विझते. गुप्ततेला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

१९२४ च्या कानपूर खटल्यात पत्रांनीच माणसे तुरुंगात घातली. श्रीपाद अमृत डांगे तेव्हा पंचविशीच्या आतले होते. मुंबईत ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक त्यांनी १९२२ मध्ये सुरू केले होते. मानवेंद्रनाथ रॉय युरोपातून हिंदुस्थानातील सहकाऱ्यांना पत्रे लिहीत. ती वाटेत उघडली जात, त्यांची नक्कल ठेवली जाई आणि मूळ पत्र पुन्हा बंद करून पुढे जाऊ दिले जाई. ज्याच्या हाती पत्र पडे त्याला वाटे, लाखोटा शाबूत आहे. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्त यांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप झाला, आणि २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्याची धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे अशी मुंबईची माणसे पकडली गेली आणि वाटेत अडविलेली पत्रे पुन्हा पुराव्याच्या ढिगात दिसली. त्या मंडळींचे राजकारण कोणाला मान्य असो वा नसो, येथे मुद्दा एवढाच की, फोडल्याचे कळू न देता पत्र फोडण्याची विद्या या शतकात पूर्णत्वाला गेली. लाखेचा काळ संपला होता, आणि लाखेची जागा घेणारे दुसरे काही सामान्य माणसाजवळ नव्हते.

ई-मेलचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला, पण जन्म देणाऱ्यांच्या मनात यांतले काही नव्हते. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला निरोप पाठविला. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल याने ई-मेल नेण्याचे नियम लिहून काढले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. हे नियम विद्यापीठांतल्या मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींसाठी होते. त्यात पाठविणाऱ्याने सांगितलेले नाव खरेच मानावयाचे होते, पासवर्ड नव्हता, मजकूर उघडा जाई, आणि कोणाचेही पत्र कोणत्याही टपालयंत्राने, म्हणजे सर्व्हरने, पुढे पोहोचवावयाचे असा शेजारधर्म होता. आपल्या चार कसोट्या लावून पाहिल्या तर ओळख नाही, मोर्तब नाही, लाखोटा नाही; होता तो केवळ जासूद, आणि तो मात्र विलक्षण चपळ. ई-मेलला पुष्कळ जण बंद पाकीट समजतात. ते पोस्टकार्ड होते.

गाव लहान असते तोवर दारे उघडी चालतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा जगभर हे गाव महानगर होत होते. जाहिरातबाजांनी उघड्या सर्व्हरांचा फायदा घेऊन लक्षावधी फुकट पत्रे लोटण्यास सुरुवात केली. मग सर्व्हर चालविणाऱ्यांनी दारे लावली. आपल्या गिऱ्हाइकाखेरीज कोणाचे पत्र पुढे न्यावयाचे नाही, असा नियम झाला. तो योग्यच होता. पण गिऱ्हाईक ओळखावयाचे कसे? तर ते कोणत्या जाळ्यातून, म्हणजे कोणत्या गल्लीतून आले, यावरून. जणू रेशन दुकानदाराने कार्ड न पाहता, गल्ली पाहून धान्य द्यावे.

याचा फटका बसला तो प्रवाशाला. पुण्याचा माणूस लॅपटॉप घेऊन नागपूरला गेला, तेथल्या हॉटेलच्या जाळ्याला जोडला, आणि आपल्याच पुण्याच्या सर्व्हरला पत्र देऊ लागला, की सर्व्हर म्हणे, तू आमचा नव्हेस. आलेली पत्रे वाचता येत, कारण तेथे पासवर्ड विचारला जाई. पाठविता मात्र येत नसत. काहींनी हॉटेलच्या सर्व्हरच्या हाती पत्र दिले, म्हणजे अनोळखी जासूद पत्करला. काही ठिकाणी अशी युक्ती निघाली की, प्रवाशाने आधी पासवर्ड देऊन आलेली पत्रे उचलावीत, मग पुढची काही मिनिटे त्याला पाठविण्याची मुभा मिळावी. युक्ती चतुर होती. पण तो पासवर्ड बहुधा उघडाच तारेवरून जाई, आणि वाटेत कान लावून बसलेल्याला पत्रच काय, घराची किल्लीच मिळे. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशी पासवर्डांची चोरी उघडकीस आली, आणि तिच्यामुळे तातू इलोनेन याने एसएसएच हा सुरक्षित मार्ग तयार केला. पुष्कळ जाणकार प्रवासी पुढे कित्येक वर्षे आपली पत्रे या मार्गाच्या बोगद्यातून घरच्या सर्व्हरपर्यंत नेत असत.

सर्वांसाठी व्यवस्था झाली ती १९९८-९९ मध्ये. डिसेंबर १९९८ मध्ये पत्र पाठविणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वेगळे दार नेमले गेले. त्याचा क्रमांक ५८७. सर्व्हरांनी आपसांत पत्रे द्यावयाचे जुने दार २५ क्रमांकाचे, ते निराळे राहिले. मार्च १९९९ मध्ये पाठविणाऱ्याने नाव-पासवर्ड देऊन आपली ओळख पटवावी, हा नियम लेखी झाला. त्याच वर्षी जानेवारीत, बोलणे सुरू झाल्यावर दोन्ही यंत्रांनी मजकुराला कुलूप घालण्याची रीत ठरली. आता माणूस गल्लीवरून नव्हे, ओळखीवरून ओळखला जाऊ लागला. मुंबईत असो की मस्कतला, त्याचे पत्र त्याच्याच सर्व्हरमार्फत जाऊ लागले. मला या घटनेचे महत्त्व फार वाटते. आपल्या देशात पोटासाठी स्थलांतर करणारा माणूस पत्ता बदलला की रेशनपासून मतापर्यंत सगळीकडे उपरा ठरत आला आहे. येथे निदान एका व्यवहारात, तू कोठून आलास हे न विचारता तू कोण हे विचारणारा नियम झाला.

आता हे कुलूप कसे असते ते पाहू. जुन्या पद्धतीत एकच किल्ली दोघांजवळ असावी लागे, आणि ती आधी कोणाच्या तरी हाताने पोहोचवावी लागे. म्हणजे पुन्हा जासुदावर भिस्त. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी यातून वाट काढली. समजा, मी माझी उघडी कुलुपे बाजारात वाटून टाकली आणि किल्ली घरी ठेवली. कोणीही आपल्या पेटीला माझे कुलूप दाबून लावावे. लावताना किल्ली लागत नाही, उघडताना मात्र ती माझ्याचजवळ असते. येथे कुलूप लोखंडाचे नाही, मोठमोठ्या संख्यांच्या गणिताचे आहे, एवढाच फरक. त्याच गणितातून मोर्तबही होते : मजकुरात एक अक्षर बदलले तरी ताळा जुळत नाही. राहता राहिली एक शंका. बाजारात मिळालेले कुलूप खरेच माझे कशावरून? त्यासाठी जामीन राहणाऱ्या संस्था असतात, आणि त्यांचे प्रमाणपत्र आपले यंत्र तपासते. वाटेत कोणी तोतया उभा राहिला तर नाव जुळत नाही आणि पडद्यावर इशारा येतो. प्रवासात घाईने पुष्कळ जण तो इशारा न वाचता ‘पुढे चला’ हे बटण दाबतात. मोडलेला लाखोटा हाती येऊनही न पाहण्यासारखेच हे आहे.

१९९९ च्या रीतीत एक भोक होते. कुलूप लावू काय, हा प्रश्न उघड विचारला जाई. वाटेतल्या लबाड यंत्राने तो प्रश्नच गिळून टाकला, तर काही लॅपटॉप गुपचूप उघडे पत्र पाठवीत. जानेवारी २०१८ मध्ये तज्ज्ञांनी सांगितले की, पहिल्या शब्दापासूनच कुलूप असावे, आणि त्यासाठी ४६५ क्रमांकाचे दार पुन्हा अधिकृत केले. दरम्यान धोकाही वाढला होता. वाय-फाय म्हणजे रेडिओच. कुलूप नसलेल्या वाय-फायवर बोलणे म्हणजे चावडीवर ओरडून बोलणे. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम निघाला, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या खात्यात घुसणे पोरखेळ झाले. त्या धक्क्याने मोठमोठ्या कंपन्यांनी आपापली दारे बंद करण्याची घाई केली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेलचे फुकट वाय-फाय सुरू झाले, पुढे ते शेकडो स्थानकांवर पसरले. फुकट वाय-फायला नावे ठेवण्याचे कारण नाही. गरीब विद्यार्थ्याने फलाटावर बसून परीक्षेचा अर्ज भरला, हे मोलाचेच. फक्त त्या जाळ्याला पत्र विश्वासाने न देता, कुलूप लावून द्यावे. कुलूप नीट असेल तर फलाट आणि घर यांत फारसा फरक राहत नाही.

तथापि हे कुलूप कोठवर असते? तुमच्या लॅपटॉपपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत. तेथे पत्र उघडते, आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बंद होते. म्हणजे रस्ता सुरक्षित, पण टपालकचेरीत पत्र उघडे. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने जगापुढे ठेवलेल्या कागदांतून दिसले की, हेरखात्यांनी रस्त्यावरच नव्हे, तर मोठ्या कंपन्यांच्या दोन कचेऱ्यांमधल्या खासगी तारांवरही कान लावले होते. कचेरीलाही वाचता येऊ नये असे पत्र हवे, तर लिहिणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत एकच कुलूप पाहिजे. फिल झिमरमन याने १९९१ साली असे कुलूप, पीजीपी, लोकांना फुकट दिले. त्याबद्दल अमेरिकन सरकारने त्याच्यामागे चौकशी लावली आणि १९९६ मध्ये ती सोडून दिली. या कुलपातही पाकिटावरचे नाव-गाव उघडेच राहते. कोणी कोणाला केव्हा लिहिले, हे कळते. आणि संघटना फोडू पाहणाऱ्याला पुष्कळदा तेवढेच पुरते.

त्याहून मोठी मर्यादा म्हणजे दोन टोके. आपल्याच राज्यात गाजलेल्या एल्गार परिषद प्रकरणात २०१८ पासून माणसे तुरुंगात गेली, आणि संगणकांत सापडलेली पत्रे हा पुराव्याचा महत्त्वाचा भाग होता. बचाव पक्षाच्या सांगण्यावरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालात म्हटले होते की, जून २०१६ मध्ये ई-मेलने आलेली एक फाइल उघडल्यावर तो लॅपटॉप बावीस महिन्यांहून अधिक काळ परक्याच्या ताब्यात होता, आणि ती पत्रे बाहेरून त्यात ठेवली गेली. तपासयंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि त्याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. परंतु अशी गोष्ट तांत्रिक दृष्ट्या घडू शकते, एवढे समजण्यास निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. रस्त्यावरचे कुलूप पोलादी असले तरी घरातच कोणी येऊन बसला असेल, तर पत्र वाचण्यासाठीच काय, लिहिण्यासाठीही त्याला रस्त्यावर जावे लागत नाही.

कायद्याविषयी दोन शब्द. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली. वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी हुकूम आणि त्याची फेरतपासणी आवश्यक ठरविली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दुसऱ्या बाजूने, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम सरकारला ई-मेल अडविण्याचा आणि कुलूप उघडविण्याचा अधिकार देते. १८९८ चा टपाल कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा कायदा जून २०२४ पासून अमलात आला. तार २०१३ मध्येच बंद झाली. पण पत्र अडविण्याचे कलम नव्या कायद्यातही आहे. कासदाला अडविणारी सत्ता बदलली, अडविण्याची इच्छा बदललेली नाही. म्हणून न्यायालयाने दिलेला हक्क आणि गणिताने दिलेले कुलूप ही दोन्ही सामान्य माणसाला हवीत. हक्काशिवाय कुलूप गुन्हा ठरविता येते. कुलपाशिवाय हक्क कागदावर राहतो.

मग प्रवाशाने करावयाचे काय? गोष्टी थोड्या आहेत. लॅपटॉपमधला ई-मेलचा प्रोग्रॅम ४६५ क्रमांकाच्या दाराने, किंवा कुलूप सक्तीचे ठेवून ५८७ ने पाठवितो की नाही, हे एकदा जाणकाराकडून पाहून घ्यावे. ब्राउझरमधून पत्र लिहीत असाल तर पत्त्याच्या ओळीतले नाव अक्षर न् अक्षर वाचावे. प्रमाणपत्राचा इशारा आला तर पत्र थांबवावे, उशीर परवडतो. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला पासवर्ड टाकू नये. पासवर्डाबरोबर दुसरी खूण मागण्याची सोय चालू ठेवावी. अनोळखी फाइल उघडू नये, आणि ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित आली तर फोन करून विचारावे. लॅपटॉप हरवला तरी आतला मजकूर वाचता येऊ नये, म्हणून त्याच्या साठवणीलाही कुलूप लावून ठेवावे. आणि काही याद्या ई-मेलने पाठवूच नयेत. त्या हातोहात द्याव्यात, आणि काम झाले की फाडाव्यात.

शेवटी एक गोष्ट. एकट्याने कुलूप लावून भागत नाही. शंभरांतला एकच जण पाकीट बंद करू लागला, तर त्याच्याकडे बोट दाखवून विचारतात, याला लपवायचे काय आहे? शंभरही जण बंद करू लागले की तो प्रश्नच उरत नाही; अर्ध्या आण्याच्या काळापासून आपण घरची पत्रे पाकिटात घालून पाठवीत आलो, तेव्हा कोणी कोणाला चोर म्हटले नाही. मिरचीचा भाव कळविणाऱ्याने आणि आईला खुशाली कळविणाऱ्यानेही पत्र बंद करून पाठवावे. त्यांच्या सवयीच्या आडोशानेच, ज्याची नोकरी त्या पत्रावर अवलंबून आहे त्याचे पत्र सुखरूप जाईल. एकजुटीचा हा अर्थ आम्ही गिरणीच्या दारात शिकलो, आणि पत्रव्यवहारालाही तोच लागू आहे.